पक्ष्यांच्या पोटावरची अक्षरं

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकच गुंतवणूक केली आणि तीही काचेच्या पक्ष्यांत. काच म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, क्रिस्टल म्हणायचं. एक बडी कंपनी वर्षाला एक पक्षी काढायची. मोजकेच नग, निळी मखमली पेटी, सोबत क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. हे पक्षी दिवसेंदिवस दुर्मिळ होत जातील आणि त्यांची किंमत चढतच जाईल, असं माहितीपत्रकात छापलेलं असे. बाबांचा छापील शब्दावर फार विश्वास. त्यांचा धंदाच अक्षरांचा होता. करंडक, ढाली आणि दारांवरच्या पाट्या यांच्यावर दुसऱ्यांची नावं कोरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली.

सव्वीस वर्षांत सव्वीस पक्षी आले. आम्ही बहिणींनी बूट मागितले की पुढच्या महिन्यावर जायचे, पक्षी मात्र एकाही वर्षी चुकला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला बोलू? आई तेव्हा हसण्यावारी न्यायची. म्हणायची, यांना दाणा नको, पाणी नको, घाण करत नाहीत, पाळा की हवे तितके.

बाबा एक गोष्ट मात्र माहितीपत्रकाबाहेरची करायचे. नवा पक्षी कपाटात ठेवण्याआधी तो उलटा धरायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि हिऱ्याच्या टोकाच्या सुईनं त्याच्या पोटावर, कंपनीच्या क्रमांकाशेजारी, त्या वर्षाची एक ओळ आईसाठी कोरायची. ‘धाकटीचा पहिला दात.’ ‘तू पाय मोडून घेतलास आणि मी पोळ्या जाळल्या.’ ‘भांडलो, मीच हरलो.’ घुबडाच्या पोटावर माझी ओळ होती, ‘थोरली नापास झाली, तरी आपण हसलो.’ सगळी सोडून नेमकी तीच आठवण त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली, याबद्दल मी त्यांना आयुष्यभर टोमणे मारले.

दोन वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग आमची. पण संध्याकाळी ती कपाट उघडून बसायची, एकेक पक्षी उलटा करायची आणि बाबांच्या हातची बारीक ओळ बोट फिरवत वाचायची. घुबड हातात आलं की माझ्याकडे बघून म्हणायची, "नापास झालेली ती तूच ना गं?" मी होकार दिला की खूश व्हायची. दिवसभर ताई, बाई, मावशी अशी कोणीही असलेली मी, त्या घुबडामुळे रोज पाच मिनिटं तिची मुलगी व्हायचे.

या वर्षी ती दोनदा घराबाहेर निघून गेली आणि एकदा शेगडी पेटती ठेवून झोपली. मी दिवसभर औषधांच्या दुकानात, बाबांना धड ऐकू येत नाही. दिवसभर सांभाळायला कोणी ठेवायचं, तर माझा अर्धा पगार तिकडेच जाणार. ते न जमल्यास दुसऱ्या गावच्या संस्थेत तिला एक खाट मिळत होती आणि महिनाअखेर हो-नाही कळवायचं होतं. बाबा शांत होते. असल्या दिवसांसाठीच तर पक्षी घेतले होते, म्हणाले, आता विकून टाक.

मी नमुन्याला सहा पक्षी, सगळी प्रमाणपत्रं आणि बाकीच्यांचे फोटो घेऊन जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेले. माणूस सभ्य निघाला. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि पहिली पेटी जेमतेम उघडून लगेच मिटली. मग मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतभर फळ्यांवर आमचेच पक्षी बसले होते. तेच बगळे, तेच घुबड, त्याच निळ्या पेट्या.

"ताई, गेल्या वर्षात सात घरांतून आले," तो म्हणाला. "सगळ्यांनी जपून ठेवले, म्हणून सगळ्यांकडे आहेत. घेणारा एकही नाही. तुम्ही म्हणालात तर ठेवून घेतो, पण एका पक्ष्यामागे एका जेवणाचे पैसे सुटतील. तेवढ्यासाठी कशाला विकता?"

त्यानं एकही पक्षी उलटून पाहिला नव्हता. परतताना पिशवी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले होते आणि बाबांना काय सांगायचं ते काही केल्या सुचत नव्हतं. सव्वीस वर्षांचा त्यांचा हिशोब, आमचे बूट, त्यांची ऐट, सगळं पाण्यात गेलं हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कसं?

त्यांनीच सोय करून दिली. दारातच विचारलं, "उलटून बघितले असतील त्यानं. अक्षरं बघून नाही म्हणाला ना?"

बुडत्यानं काडी धरावी तसं मी ते वाक्य पकडलं. हो म्हणाले. माल चांगला आहे, पण कोरल्यामुळे किंमत गेली, असं व्यापारी म्हणाला म्हणून सांगितलं. मोठ्या चुकीपेक्षा लहान चूक पदरात टाकावी, एवढाच माझा विचार. त्यांचा चेहरा क्षणभर पडला आणि मग चक्क खुलला. "म्हणजे माल चांगला आहे," ते म्हणाले. जेवताना हे वाक्य त्यांनी आणखी दोनदा म्हटलं. वेळ मारून नेली म्हणून मीही दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर जिन्यातच काच घासायच्या चाकाची घरघर ऐकू आली. बाबांनी खिडकीपाशी आपलं जुनं मेज मांडलं होतं. भिंग डोळ्याला, मांडीवर टॉवेल, हातात उलटा धरलेला बगळा. फिरत्या चाकावर थेंब थेंब पाणी पडत होतं आणि बगळ्याच्या पोटावरून पांढरा राडा ओघळत होता. शेजारी फडक्यावर नऊ पक्षी पुसून ठेवलेले. त्यांची पोटं गुळगुळीत झाली होती. घुबड त्यांच्यातच होतं.

मी चाकाचं बटण बंद केलं आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाबा, थांबा. मी काल खोटं बोलले. त्यानं एकही पक्षी उलटून पाहिला नाही. अक्षरं असोत की नसोत, ते कोणालाच नकोत."

बाबांनी भिंग काढलं. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण त्यांनी ओल्या हातानं माझा गाल थोपटला.

"आईला वाचायला राहावीत म्हणून सांगतेस ना?" ते म्हणाले. "कळतं गं मला. पण आई घरात राहायला हवी. ती इथे असली की मी रोज म्हणून दाखवीन तिला. सव्वीसच्या सव्वीस पाठ आहेत मला."

मी हातापाया पडायची बाकी राहिले. व्यापाऱ्याच्या मागच्या खोलीबद्दल सांगितलं, त्या सात घरांबद्दल सांगितलं, त्याला आत्ता फोन लावून देते म्हणाले. त्याला काय विचारायचं, तो भाव पाडायलाच बसलाय, असं म्हणून त्यांनी फोन बाजूला सारला. माझं खोटं त्यांनी एका फटक्यात गिळलं होतं आणि खरं मात्र काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. मला रडू फुटलं. ते आईच्या काळजीनं आलं असं समजून त्यांनी चाक पुन्हा सुरू केलं.

आवाजानं आई आतून आली. फडक्यावरचं घुबड तिनं सवयीनं उचललं, उलटं केलं आणि बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजेडाकडे धरून पाहिलं. मग माझ्याकडे वळून परक्या घरात विचारावं तशा अदबीनं म्हणाली, "बाई, हे कुणाचं आहे हो?"

बाबांना ऐकू गेलं नाही, पण तिच्या हातातलं घुबड त्यांनी पाहिलं. मान वर न करता, पाठ केलेला धडा म्हणावा तसं ते मोठ्यानं म्हणाले, "थोरली नापास झाली, तरी आपण हसलो."

आईनं नीट ऐकून घेतलं. घुबड जपून फडक्यावर ठेवलं.

"कोण थोरली?" तिनं मला विचारलं. बाबांच्या हातातला बगळा घासून झाला होता. त्यांनी तो पुसून माझ्या हातात दिला आणि पुढचा पक्षी मागितला.