न पाहिलेली गादी

“ही गादी कुठून आणली, वहिनी?”

वहिनी आबांच्या पाठीखालची चादर ओढून सरळ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “ऑनलाइन मागवली. का हो, भाऊजी?”

“काही नाही, सहज.”

सहज नव्हतंच ते. निळी, आडव्या नळ्यांची, पायथ्याशी छोटा पंप अडकवलेली ती हवेची गादी वडिलांना भेटायला आलेल्या धाकट्यानं ओळखली होती. आजवर त्यानं ती फक्त फोटोत पाहिली होती. तो फोटो त्यानंच आपल्या वेबसाइटवर चढवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांसाठी मी हीच वापरतो. डोळे झाकून घ्या.’

छापखाना बंद पडेपर्यंत धाकटा तिथे मुद्रितं तपासायचा. उभं आयुष्य लोकांच्या वेलांट्या आणि उकार सुधारण्यात गेलं, आणि एक दिवस मालकानं सगळ्यांना बोलावून हात जोडले. घरी बसल्यावर एका जुन्या सहकाऱ्यानं डोक्यात भरवलं, की वेबसाइट काढ. एकच बारीकसा विषय धर, त्यावर मन लावून लिही, लोक यायला लागले की जाहिराती आपोआप येतील. आधी त्यानं कुंडीतल्या झाडांवर लिहिलं. तिकडे कुणी फिरकलं नाही. मग जुन्या कॅमेऱ्यांवर लिहिलं. ते वाचायला दोघे आले, त्यातला एक तो सहकारीच.

आबांना तेव्हा नुकताच लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. राहायचे ते दुसऱ्या गावी थोरल्याकडे. थोरला कारखान्यात पाळीवर, म्हणजे आबांचं सगळं वहिनींच्या अंगावर. धाकटा अधूनमधून फोन करायचा. एका रविवारी त्यानं “कसं काय चाललंय?” एवढंच विचारलं आणि वहिनी बोलत सुटल्या. पाणी घशात अडकू नये म्हणून ते जरा दाट करून चमच्यानं कसं द्यायचं, कूस बदलताना आधी गुडघा दुमडून का घ्यायचा, आंघोळीआधी टॉवेल गरम केला तर अंग कसं सैल पडतं. फोन ठेवल्यावर धाकट्यानं लोक इंटरनेटवर काय काय विचारतात ते पाहिलं. हेच प्रश्न विचारणारी माणसं ढिगानं होती आणि उत्तरं सगळी डॉक्टरी भाषेतली, कोरडी ठाक. विषय सापडला.

पहिल्या लेखात त्यानं ‘माझ्या वहिनी असं करतात’ असंच लिहिलं होतं. वाचून पाहिलं तर दुरून सांगितल्यासारखं वाटलं. मग ‘वहिनी’ खोडून ‘मी’ केलं. जन्मभर शब्द खोडण्यात घालवलेल्या माणसाला त्याचे काय कष्ट!

फोन मग दर रविवारी होऊ लागले. वहिनींना बरं वाटायचं. त्या थोरल्याला म्हणायच्या, “लांब असले तरी भाऊजींचा जीव इथंच आहे हो.” इकडे लेख वाढत गेले. लोक यायला लागले, जाहिराती लागल्या, घरखर्च निघू लागला. ‘तुमच्यासारखा मुलगा प्रत्येक बापाला मिळो,’ असं कुणी खाली लिहिलं की धाकटा ते पटकन वर सरकवायचा आणि पुढच्या लेखाला लागायचा. मग गाद्यांच्या कंपन्यांची पत्रं आली. आपल्या लेखावरून कुणी गादी घेतली तर त्यात आपला वाटा. ही निळी गादी विकणारे सगळ्यांत जास्त देत होते.

“जरा बाजूला व्हा, औषध लावायचंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आबांना डाव्या कुशीवर केलं आणि सदरा वर घेतला. कमरेखाली, माकडहाडापाशी, कातडी गेली होती. आतलं लालभडक मांस दिसत होतं.

“हे कधी झालं?”

“मधल्या नळ्यांतली हवाच जायला लागली. पंप वाजत राहायचा, म्हणून मला वाटलं चालू आहे. वरून फुगलेली दिसायची, खाली आबा फळीवरच टेकलेले. लक्षात येईस्तोवर जखम झाली.” वहिनींनी कापूस हळूच टेकवला. आबांनी डोळे घट्ट मिटले. “झालं, झालं आबा. संपलंच. डॉक्टर म्हणालेत भरून येईल, पण वेळ लागेल. आता खाली जुनीच कापसाची गादी दुमडून घातलीय, वर ही नुसती राहिलीय.”

“दादानं आणली का?”

“छे! ह्यांना तर विचारलंसुद्धा नाही मी.” कापूस टाकून वहिनी हात धुवायला आत गेल्या. धाकटा त्यांच्या मागोमाग गेला. नळ बंद करून, पदराला हात पुसत त्या थोडं लाजल्यासारखं हसल्या. “आता सांगूनच टाकते. तुमची वेबसाइट मला सापडलीय, भाऊजी.”

धाकट्याला कानशिलं तापलेली जाणवली.

“शेजारच्या नर्सबाईंनी दाखवली. त्यांना कुठे माहीत कुणाची ते! वाचत गेले तर गुडघ्यांमधली छोटी उशी आली, आणि तिला म्हटलंय ‘उशीचं पिल्लू’. म्हटलं, जगात दुसऱ्या कुणाच्या घरात उशीला पिल्लू होतं?” त्या आता मोकळ्या हसल्या. “मग सगळं वाचून काढलं. टॉवेलाचं, चमच्याचं. माझं इतकं बोलणं कुणी इतकं नीट लिहून ठेवेल असं वाटलं नव्हतं हो.”

“वहिनी, त्यात ‘मी’ असं…”

“तसं लिहावंच लागत असेल की. वहिनीचं कोण वाचतंय?” हे बोलताना त्यांच्या आवाजात टोमणा असता तर धाकट्याला परवडलं असतं. तो नव्हता. “मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, भाऊजींना गाजावाजा नकोय. आणि मग ती गादी दिसली. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर दहा ठिकाणी चौकशी केली असती. तुम्ही लिहिलंय म्हणजे पारखूनच लिहिलं असणार.” बोलता बोलता त्या थांबल्या. “तुम्ही पाहिली होती ना ती, भाऊजी? कुणाकडे तरी?”

हो म्हणणं सोपं होतं. एका घरी पाहिली होती, तिथे चांगली चालली, तुमची नेमकी खराब निघाली, असं वाक्य त्याच्या तोंडाशी तयारही होतं. अशी वाक्यं तो रोज लिहीत होता.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

ओट्यावरची एक वाटी उचलून वहिनींनी उगाच दुसऱ्या जागी ठेवली. त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, तर त्याला काहीतरी करता आलं असतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून गादीचा लेख उडवला. सगळ्यांत जास्त वाचला जाणारा लेख होता तो. उडवल्यावर फोन त्यांच्यापुढे धरला, पोरानं सोडवलेलं गणित दाखवावं तसा.

त्यांनी पाहिलं नाही. “ज्यांनी घेतल्यात, त्यांचं काय?” एवढंच विचारलं.

किती जणांनी घेतल्या हे त्याला ठाऊक होतं. त्या कुणाकुणाच्या पाठीखाली आहेत, हे मात्र कुठेच कळत नव्हतं.

“त्यांच्यासाठी लिहितो,” तो शेवटी म्हणाला. “काय झालं ते. आहे तसं.”

“लिहा,” वहिनी म्हणाल्या. बाहेरून आबांचा आवाज आला, घशातल्या घशात. “कूस बदलायचीय त्यांना.”

“मी करतो.”

त्या बाजूला झाल्या.

तो पलंगापाशी गेला. आधी गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. लिहून लिहून पाठ होतं त्याला सगळं. पण गुडघा दुमडायला गेला तर पाय त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जड निघाला आणि हातातून सुटला. खांद्यामागे हात घातला तो जरा जास्तच जोरात. आबा कण्हले. मुलाचा चेहरा इतक्या जवळ असूनही त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मान होईल तेवढी वळवून त्यांची नजर दारावर लागली होती.

“आहे हो आबा, इथंच आहे,” वहिनी दारातून म्हणाल्या.

तेव्हा कुठे आबांनी अंग सैल सोडलं.