फाटकासमोरची लाल गाडी

चंद्रभान भोयर उमरेडच्या तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी, पण चकचकीत लाल गाडी घेतली. शामलाबाईंना म्हणाले, "आता तुले सारं नागपूर दाखवतो." लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण शामलाबाईंचं नागपूर म्हणजे मेडिकल कॉलेजचा दवाखाना, इतवारीतली लग्नाची खरेदी आणि परतीची एसटी. एवढंच.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं निघाले. झिरो माइलचा खांब त्यांनी चालत्या गाडीतूनच पाहिला, कारण थांबायला जागा नव्हती. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून हळूहळू जात अकराच्या सुमाराला धरमपेठेत आले. तिथं गाडी लावायला तसूभर जागा मिळेना. चंद्रभाननी तीन चकरा मारल्या. मागचे हॉर्न वाजवत होते, कपाळावर घाम आला होता. शेवटी एका गल्लीत, बंगल्याच्या काळ्या फाटकासमोर जागा दिसली आणि त्यांनी गाडी घुसवली.

"अहो, हे तं फाटक हाये. गाडी लावू नका, अशी पाटीबी लावली हाये," शामलाबाई म्हणाल्या.

"रविवारचं कोण बाहेर निघते वं? पाच मिनिटांत येतो आपण."

काचेमागे फोन नंबर लिहून ठेवावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण पेन डिकीतल्या पिशवीत होता. राहू दे, म्हणाले.

पाच मिनिटांचा दीड तास झाला. जवळच्या ट्रॅफिक पार्क नावाच्या बागेतल्या छोट्या आगगाडीत शामलाबाई लहान मुलांच्या मधोमध बसल्या आणि वळणावर मोठ्यानं हसल्या. नंतर काचेच्या भिंतींच्या एका कॅफेत दोघांनी कोल्ड कॉफी घेतली. रुंद बंगले, कुंपणावरची बोगनवेल बघत ते रमतगमत परतले.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. लाल गाडीभोवती पाचसात माणसं होती. तिचा एक आरसा मोडून लोंबत होता. फाटकाशी उभी असलेली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

"काय झालं, बाई?" चंद्रभाननी विचारलं.

"आमच्या साहेबाले झटका आला, भाऊ. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. वैभवीताईनं, त्यायच्या सुनेनं, गाडी काढाले घेतली तं फाटकात हे धोंड! अर्धी गल्ली अडली, अम्ब्युलन्सलेबी आत येता येईना. शेवटी खुर्चीवर बसवून चौघायनं नाक्यापर्यंत उचलून नेलं, तवा ऑटो भेटला. अर्धा-पाऊण घंटा गेला." तिनं चंद्रभानकडे निरखून पाहिलं. "एमएच चाळीस हाये, गावाकडची. तुमची तं नाही?"

चंद्रभानच्या मुठीत किल्ली होती. "नाही," ते म्हणाले.

आणि ते पुढे चालू लागले. शामलाबाई मागून आल्या. दोन गल्ल्या ओलांडून एका मेडिकल स्टोअरच्या पायरीवर ते बसले. लोक मारतील, पोलीस येतील, पेन्शन अडकेल, असं काय काय डोक्यात फिरत होतं. लोक पांगले की येऊन गाडी न्यायची, असाही विचार त्यांनी केला, आणि तो शामलाबाईंना बोलून दाखवला.

शामलाबाई पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "मी एसटीनं जातो. तुम्ही गाडी घेऊन या."

तेहतीस वर्षांत त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. चंद्रभान उठले. फाटकाशी जाऊन म्हणाले, "बाई, मघा मी खोटं बोललो. गाडी माहीच हाये."

कुणीतरी त्यांची कॉलर धरली. म्हातारीनंच ती सोडवली. मीराबाई तिचं नाव. वीस वर्षं ती त्या घरात स्वयंपाक करत होती. "मारून काय साहेब उठून बसनार हायेत?" ती म्हणाली. मग चंद्रभानकडे वळली. "ताईचा फोन आला होता. जुने रिपोर्ट पायजेत. चला, मले दवाखान्यात घेऊन चला." शामलाबाईही मागून येऊन गाडीत बसल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वैभवी एकटीच उभी होती. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. चंद्रभाननी फाइल तिच्या हातात दिली आणि गाडी आपली होती, हे सांगून टाकलं. ती ओरडेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "मी किती वेळ हॉर्न वाजवला, माहीत आहे? सगळ्या गल्लीनं ऐकला." आणि फाइल घेऊन आत गेली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. जीव वाचला होता. उजवी बाजू आणि वाचा गेली होती.

"लवकर आणलं असतं तर?" चंद्रभाननी विचारलं.

"लवकर आणलेलं नेहमी बरंच असतं," डॉक्टर म्हणाले. "किती फरक पडला असता, ते मी सांगू शकत नाही."

ते वाक्य घेऊन चंद्रभान उमरेडला परतले. त्यानंतर ते जेवताना मधेच थांबत, झोपेतून उठून अंगणात बसत. डॉक्टरनं 'हो' म्हटलं असतं किंवा 'नाही', तर बरं झालं असतं, असं ते शामलाबाईंना वारंवार सांगत.

मार्चमध्ये दोघं त्या बंगल्यावर गेले. साहेब, गिरिधरराव, खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. त्यांची वाचा थोडी परतली होती. त्यांनी वाकड्या तोंडानं विचारलं, "को... कोण?"

वैभवीनं चंद्रभानकडे पाहिलं.

"त्या दिवशी फाटकासमोर गाडी लावली होती, तो मीच, साहेब," चंद्रभान म्हणाले.

गिरिधररावांनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. ओठ हलले, पण शब्द जुळेना. मग त्यांनी मान वळवली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. मीराबाईनं आणलेला चहा चंद्रभानच्या हातात तसाच निवला.

निघताना वैभवी फाटकापर्यंत आली. "काका, पुढच्या वेळी आधी फोन करा," ती म्हणाली. "बाबांना बरं वाटत असेल, तर सांगीन मी."

म्हणजे या, की येऊ नका, हे चंद्रभानना उमरेड येईपर्यंत कळलं नाही. शामलाबाईंनी मात्र तिचा नंबर लिहून घेतला होता.