माझी तुळई कडाडली तेव्हा

मित्रांनो, मी एका बंधुमंडळाची जुनी दुमजली वास्तू आहे. एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जायचे, अशी शपथ घेतलेल्या सुतार-गवंड्यांनी मला स्वतःच्या हातांनी बांधले. वर त्यांचे सभागृह होते. तिथे दार लावून ते बैठका घेत आणि एकमेकांना ‘भाऊ’ म्हणत. खाली नाट्यगृह होते.

पुढे भाऊ थकले, एकेक करून गेले. वरच्या दाराला कुलूप लागले. छतातून पाणी झिरपून माझी मोठी तुळई आतून कुजू लागली. खाली मात्र नाटके चालूच होती. ‘म्हातारी अजून ठणठणीत आहे!’ लोक कौतुकाने म्हणत. मला ते ऐकवत नसे. प्रेक्षकांचा सज्जा त्या तुळईवरच तोललेला होता; तो भरला की ती करकरे.

एका दुपारी विनोदी नाटक ऐन रंगात आले होते. अचानक तुळई कडाडली. हशात कुणाला ते ऐकू गेले नाही. खाष्ट सासूचे काम करणाऱ्या नटीच्या खांद्यावर मात्र चुन्याची भुकटी पडली. तिने वर पाहिले, तर तुळईला तडा गेला होता. पुढच्याच रांगेत तिची नात बसली होती. पण नटी ओरडली असती, तर दाराशी झुंबड उडून माणसे तुडवली गेली असती.

तिने कमरेवर हात ठेवले.

“काय गं सूनबाई, एवढं गाव घरात घेतलंस, आता केर कोण काढणार? चला, उठा सगळे! आधी पोरं, मग म्हातारे, मग उरलेले रिकामटेकडे! ढकलाढकली केलीत तर गाठ माझ्याशी आहे!”

“अहो आई, पण हे नाटकात...” सून गोंधळली.

“तोंड नको चालवूस, दारं उघड!”

लोक हसत हसत उठले. मी जीव मुठीत धरून उभी होते. ‘अजून थोडी थांब,’ असे तुळईला विनवत होते.

“आजी, तू पण चल ना!” नात दारात अडली.

“हो पुढे, राणी. आलेच मी.” सज्ज्यातला शेवटचा माणूस उतरल्यावरच ती बाहेर पडली.

आणि तुळई कोसळली. सज्जा रिकाम्या खुर्च्यांवर आदळला. बाहेरचे हसू एकदम थांबले. रस्त्याच्या कडेला नातीला कवटाळून ती नटी कितीतरी वेळ बसून होती.

आता मला टेकू दिले आहेत. दुरुस्त करायचे की पाडायचे, यावर वाद चालू आहे. पाडले जाण्याची भीती वाटत नाही, असे खोटे कशाला सांगू? पण मित्रांनो, त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. मला नीट दुरुस्त करा, नाहीतर उतरवून टाका. पण घाईने माझ्या छताखाली माणसे बसवू नका. ते पुन्हा ढासळू लागले, तर सावरायला मला हात नाहीत.