अर्धं पाऊल

"मागे घेते परत," असं म्हणून विद्युल्लताने रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरची माणसं भराभरा उलटी धावत आपापल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"काय दिसलं?" प्रुइट साहेबांनी विचारलं. टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून, मान जराशी तिरकी करून ते बसले होते. दोन-तीन वर्षांपासून त्यांना समोरचं मधोमध पुसल्यासारखं दिसायचं, कडेचं तेवढं नीट. कंपनीत ही गोष्ट एकट्या विद्युल्लताला माहीत होती.

"काही नाही, सर. खात्री करून घेते."

हे खोटं होतं. तिला दिसलं होतं.

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात व्हॉल्व्ह बनवणारी ही कंपनी. प्रुइट तिचे जनरल मॅनेजर आणि विद्युल्लता खाडिलकर त्यांची सेक्रेटरी; सत्त्याण्णव सालच्या त्या मार्चमध्ये तिला तिथे आठ वर्षं झाली होती. आखातात येण्याआधी प्रुइट अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना फुटबॉल शिकवायचे. आपला पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा तो, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. तिकडे दर एप्रिलमध्ये धंदेवाईक संघ कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं पाळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. एका संघाच्या निवड विभागात प्रुइटचा जुना मित्र होता, डेल नावाचा. त्याचा प्रुइटच्या नजरेवर भारी भरवसा. दर हिवाळ्यात तो खोकंभर व्हिडिओ कॅसेटी कुरियरने पाठवायचा आणि प्रुइट त्यातल्या रिसीव्हरांबद्दल आपलं मत फॅक्स करायचे. रिसीव्हर म्हणजे अंगावरच्या गड्याला चकवून लांब पळत जायचं आणि मागून आलेला चेंडू वरच्या वर झेलायचा, हे ज्याचं काम तो.

पहिली काही वर्षं ते सांगायचे आणि विद्युल्लता नुसतं टाइप करायची: हात चांगले, वेग बेताचा, उंची पुरेशी. मग साहेबांची नजर अधू झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला आत बोलावलं आणि अवघडून विचारलं, "हा मुलगा नेमका कुठे वळला, तेवढं सांगाल?" तिने सांगितलं. आणि राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "पण सर, पाय वळायच्या आधी खांदा वळतो ह्याचा. समोरच्याला आधीच कळतं."

प्रुइट तिच्याकडे तिरक्या मानेने बघत राहिले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"खो-खोने," ती म्हणाली.

मग तिने शॉर्टहँडच्या वहीत खांब काढले, ओळीत बसलेल्या आठ जणी काढल्या, आणि पळती करणारी कशी हूल देते ते बोटाने दाखवलं. 'हूल' हा शब्द साहेबांनी उचललाच. नव्या मुलाची कॅसेट लागली की ते विचारायचे, "ह्याची हूऽल कशी आहे?" तेव्हापासून रिपोर्टखाली सही प्रुइटची असली तरी त्यातले डोळे तिचे होते.

त्या साली अकरा मुलं होती. अकरांत मार्लन एक. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याशा छोट्या कॉलेजातला, सडपातळ, लांब हातांचा. पहिली कॅसेट बघतानाच ती खुर्चीत पुढे सरकली होती. डावीकडे जाणार अशी पुरी खात्री समोरच्याला पटवून हा उजवीकडून निघून जायचा, आणि चकलेला गडी मोकळ्या जागेला मिठी मारायचा. एवढ्या वर्षांत इतकी सुंदर हूल तिने पाहिली नव्हती. सप्टेंबरमधले सामने असे. नोव्हेंबरच्या कॅसेटीत मात्र डावीकडे वळायच्या आधी तो एक आखूड पाऊल टाकत होता. अर्धंच. शंभरातल्या नव्याण्णवांना ते दिसलं नसतं.

त्या शुक्रवारी शारजाच्या फ्लॅटमध्ये तिचा पाय एका जागी ठरेना. भाजी फोडणीला टाकून ती बाल्कनीत गेली, तिथून बेडरूममध्ये, धुतलेले कपडे पुन्हा घडी घालायला लागली, ते तसेच टाकून परत आली तर कांदा करपलेला.

"आई, व्हाय आर यू पेसिंग लाइक धिस?" अंतराने पुस्तकातून डोकं वर काढलं. ती दहावीत होती.

"बस ना गं जरा," श्रीनाथ म्हणाला. "आठवड्यातून एक सुट्टी मिळते. ऑफिसमध्ये काही झालं का?"

"अहो, समजा, एखाद्या मुलातली खोट फक्त तुम्हाला दिसली. बाकी कुणाला दिसलेली नाही. तुम्ही सांगितलीत तर त्याचं करिअर संपेल. सांगाल?"

श्रीनाथ एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनिअर होता. त्याला सगळे प्रश्न साइटवरचेच वाटायचे. "रिपोर्ट कुणाच्या नावाने जातो? साहेबांच्या ना? मग तू कशाला मध्ये पडतेस? ते देतील ते टाइप कर, खलास."

"पण त्यांना दिसत नाही."

"मग नाही दिसलं! तो मुलगा कोण, आपण कोण."

"डोंट डू इट, आई," अंतरा म्हणाली. "दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट दे डिड टू यू. वशिला अँड ऑल."

विद्युल्लता स्वयंपाकघरात निघून गेली.

खाडिलकरांच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पंचाहत्तर साली, एकोणीस वर्षांची असताना, आई राज्याच्या खो-खो संघात जाणारच होती. निवड शिबिरात तिच्यासारखी पळती कुणाची नव्हती. पण निवड समितीतल्या कुणाची तरी भाची आडवी आली. हे तिने सांगलीला घरी परतल्यावर वडिलांना सांगितलं, पुढे श्रीनाथला, आणि अंतराला तर लहानपणी जेवताना कितीदा तरी.

भाची नव्हतीच. शिबिराच्या तीन आठवडे आधी सरावात तिचा डावा गुडघा सरकला होता. तिने कुणाला कळू दिलं नाही. हळदीचा लेप लावायचा, पट्टा आवळायचा आणि हसत मैदानावर उतरायचं. शेवटच्या दिवशी समितीच्या टेबलावरचं पाणी घ्यायला गेली तेव्हा उघड्या पडलेल्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलेलं दिसलं, 'डावा गुडघा. भरवसा नाही.' समितीतल्या तिघांपैकी कुणी लिहिलं ते तिला कधीच कळलं नाही. महिन्याभराने त्या तिघांना दाखवून द्यायचं म्हणून ती जिल्ह्याच्या सामन्यात उतरली. खांबाशी वळताना गुडघा गेला तो कायमचाच. तेव्हापासून तिला मांडी घालून बसता येत नाही. गणपतीतसुद्धा ती खुर्चीवरच बसायची, आणि बायका म्हणायच्या, एवढ्यातच संधिवात?

मार्लनचं ते अर्धं पाऊल तिला ओळखीचं होतं. तिचंच होतं ते.

शनिवारी ऑफिसात पोचल्यावर पर्स टेबलावर ठेवायच्या आधी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मार्लनचा डावा गुडघा दुखावलाय. ऑक्टोबरमध्ये कधीतरी झालंय. तो लपवतोय."

प्रुइटनी हातातला कप खाली ठेवला. "खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"डेलच्या लोकांनी ह्याच कॅसेटी दहा वेळा पाहिल्यात."

"त्यांनी चेंडू पाहिला असेल, सर. मी पाय बघते."

मग तिने विचारलं, "ज्यांना कुणीच निवडत नाही, ती मुलं पुढे काय करतात?"

"नोकरी धरतात. विमा विकतात, मोटारी विकतात. शाळेत शिकवतात. काही माझ्यासारखी वाळवंटात येतात," ते हसले. "मिसेस खाडिलकर, तुम्हाला नसेल लिहायचं तर नका लिहू. मला काही दिसलं नाही, हे तर खरंच आहे."

"आणि तो तसाच खेळला तर?"

"मग एक दिवस मैदानातच गुडघा जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर..." पुढचं तिने गिळलं. "मी लिहिते. पण एका ओळीत नाही लिहिणार. पूर्ण पान लिहीन."

"पान लिहा. पण तिथे पहिलीच ओळ वाचतात, हे लक्षात ठेवा."

ती पहिली ओळ जमायला दुपार झाली. गुडघा आधी लिहिला तर पुढचं कुणी वाचणार नाही. गुण आधी लिहिले तर गुडघा राहून जाईल. चार कागद चुरगळून टाकल्यावर पाचव्यावर तिने इंग्रजीत टाइप केलं: 'पाहिलेल्यांत सर्वोत्तम, घ्यायच्या आधी डाव्या गुडघ्यावर उपचार करवून घ्या, मग सोडू नका.' खाली पानभर त्याच्या हुलीबद्दल लिहिलं. साहेबांनी बोटाने दाखवलेल्या जागी सही केली. फॅक्समधून कागद सरकत पलीकडे निघाला तेव्हा तिला वाटलं, अजूनही टोक धरून मागे ओढून घ्यावा. पण तिने हात मागे बांधून घेतले.

दोन आठवड्यांनी डेलचा फोन आला. त्यांच्या डॉक्टरांना गुडघ्यातली कूर्चा फाटलेली सापडली होती. ऑपरेशन लागणार, वर्ष जाणार. वाट बघायला त्यांचा संघ तयार नव्हता आणि अशी बातमी एका संघापुरती राहत नाही.

ड्राफ्ट झाला. सोमवारी सकाळी निवडलेल्यांची यादी फॅक्सवर आली, सात फेऱ्यांची. विद्युल्लताने फूटपट्टी ठेवून एकेक नाव वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खोक्यातल्या अकरांपैकी सहा जण होते त्यात. मार्लन नव्हता.

"तुमचं बरोबर होतं," प्रुइट म्हणाले.

"ते मला माहीत आहे, सर."

तिने यादी फायलीत लावली आणि दोन दिवस स्वतःला कामाला जुंपून घेतलं. रिकामी बसली की पाय आपोआप हलायचा. बुधवारी जेवताना तिने श्रीनाथला आणि अंतराला गुडघ्याची खरी हकिगत सांगितली. श्रीनाथने हातातला घास ताटात परत ठेवला.

"सो देअर वॉज नो भाची?" अंतराने विचारलं.

"नव्हती."

अंतरा उठून खोलीत गेली. दार लावलं नाही, एवढंच.

पुढच्या शनिवारी चारच्या सुमाराला प्रुइटच्या केबिनमधला फोन वाजला. काही वेळाने त्यांनी तिला हाक मारली. फोनवर त्यांनी तळहात दाबून धरला होता.

"डेल आहे. मार्लनच्या आईने आठवडाभर त्याच्या ऑफिसचं डोकं खाल्लंय. गुडघ्याचं पहिल्यांदा लिहिलं कुणी, त्या माणसाशी बोलायचंय म्हणते." ते घुटमळले. "मी सांगतो, मीच लिहिलं. सही माझीच आहे. तुम्हाला कशाला शिव्या?"

"शिव्याच देणार आहेत का?"

"माहीत नाही. डेल म्हणतो, बाई रडत होती. मुलाचं ऑपरेशन परवा झालं."

विद्युल्लता टेबलाला वळसा घालून आली आणि तिने हात पुढे केला. प्रुइटनी फोन दिला.

"मिस्टर डेल, तो रिपोर्ट मी लिहिलाय," ती म्हणाली. "प्रुइट सरांची सेक्रेटरी. मार्लनच्या आईंना इथला नंबर द्या. मी पाचपर्यंत असते, पण त्या म्हणतील तोवर थांबेन."

मग डेलने नाव विचारलं आणि तिने सांगितलेलं त्याला कळलं नाही.

"लिहून घ्या," ती खुर्चीवर टेकत म्हणाली. "व्ही फॉर व्हॅली. आय. डी. वाय. यू."

समुद्रापलीकडे पेन खरखरत होतं. "एल," तिने सांगितलं.

"एल. पुढे?"

"आणखी एक एल. दोन आहेत, मिस्टर डेल. दोन्ही लिहा."