वहीतले एकोणतीस इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, माप घेणारी. लांबी साठ इंच, रंग मूळचा पिवळा, आता चहा सांडल्यासारखा. माझ्या एका टोकाचा पत्रा केव्हाच निघून पडला आणि मधले काही आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य मास्तरांच्या गळ्यात गेले.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. त्यांचे दुकान एका खोलीचे. दाराशी शिलाई मशीन, मागे कापड बेतायचे लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. मास्तर मला मुलांच्या अंगाभोवती गुंडाळत आणि खणखणीत आवाजात आकडा सांगत, "छाती चोवीस! कंबर बावीस!" मशीनशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी, तो वहीत लिहीत. मुले वाढत्या अंगाची, म्हणून मास्तर शिवणीच्या आत दोन बोटे जादा कापड सोडत. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवायची, कपडा मोठा करायचा. लोक म्हणत, "मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." हे ऐकून मला काय वाटायचे ते विचारूच नका! मी तर हवेतच असायचे.

मास्तरांची नात सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की दुकानात यायची. तिची आई, म्हणजे मास्तरांची लेक, संध्याकाळी उशिरा कामावरून सुटे. तोवर पोरीला सांभाळायचे आजी-आजोबांनी. तिला सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. दुकानामागच्या मोकळ्या मैदानात ती इतर मुलांबरोबर अंधार पडेपर्यंत धावायची. माप घ्यायचे म्हटले तर मास्तरांना तिच्यामागे पळावे लागे.

मग त्या मैदानात इमारत उभी राहिली. खेळणारी मुले आपापल्या घरात गेली. समोरचा रस्ता रुंद झाला आणि गाड्या सुसाट धावू लागल्या. "बाहेर पाऊल टाकायचं नाही," असा मास्तरांनी दम भरला. त्यांचेही बरोबरच होते. पण जिच्या पायांना भिंगरी, तिला एका स्टुलावर कसे बसवायचे? आजोबांनी मोबाइल दिला. आजीने क्रीमची बिस्किटे दिली. ती संपली की वेफर्स आणि त्यावर थंड पेयाची बाटली. पोरगी गुपचूप बसू लागली आणि मास्तरांची मशीन बिनघोर चालू लागली. वर्षभरात खारू गुबगुबीत झाली. गिऱ्हाइके गालगुच्चे घेत म्हणायची, "खात्यापित्या घरची दिसते हो!" आजी कौतुकाने सांगायची, "लेकरानं आता कुठे अंग धरलंय." मीही खुळी, त्या कौतुकात सामील होते.

शाळा उघडायच्या आठवड्यात दुकानात मुलांची झुंबड असे. तशा गर्दीत मास्तरांनी खारूला मापाला उभे केले आणि सवयीने आवाज दिला, "कंबर सत्तावीस!" रांगेतला एक मुलगा पटकन म्हणाला, "मास्तर, पाण्याच्या टाकीचं माप घेताय का?" सगळी मुले हसली. वाईट याचे वाटते, की दोन आयाही हसल्या. खारूचे कान लाल झाले. ती बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि दुकान रिकामे होईपर्यंत बाहेर आली नाही. शेवटी आजीने बिस्किटांचा अख्खा पुडा दाखवून तिला बाहेर काढले.

त्या दिवसापासून मास्तरांचा आवाज फक्त नातीच्या बाबतीत खाली आला. मी तीस दाखवले की ते हळूच म्हणत, "सत्तावीस." आजी सत्तावीस लिहायची. कापड मात्र ते तिसाच्या हिशोबाने बेतत. दर दोन-तीन महिन्यांनी स्कर्ट दाटला की गुपचूप माया उसवत, माया संपली की मागे इलॅस्टिक घालत आणि लेकीला सांगत, "धुऊन कापड आटलं होतं, सारखं करून दिलंय." त्यांच्या लेकीने एकदा वही चाळली. दोन वर्षांत फक्त दोन इंच वाढ! ती हसून म्हणाली, "मी उगाच काळजी करत होते."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावेसे वाटले. पण टेपला कुठला आवाज?

मी खारूच्या अंगाला लागत होते, म्हणून मला कळत होते. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली तरी तिचा श्वास फुलायचा. चालताना मांड्या घासून लाल व्हायच्या. शाळेत खेळाच्या तासाला ती कट्ट्यावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. टाकी हे नाव तिच्या मागे वर्गातही पोहोचले होते. ते ऐकून आली की ती जास्तच खायची. तिच्या मानेवर काळपट पट्टा उमटला होता. आजीला वाटे, पोरगी अंग नीट धूत नाही. ती साबण लावून मान खसाखसा घासायची. मानेची आग व्हायची, काळेपणा तसाच राहायचा.

खारू दहा वर्षांची असताना शाळेत तिला चक्कर आली. आई तिला घेऊन दवाखान्यात गेली. मास्तर दुकानातून तसेच धावले, मला गळ्यातून काढायचेही विसरले. डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, रक्त तपासायला आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगितले आणि मास्तरांकडे हात केला. "आजोबा, ती टेप द्या जरा."

त्यांनी मला खारूच्या पोटाभोवती धरले. "चौतीस."

"नाही हो डॉक्टर," खारूची आई म्हणाली. "माझे वडील शिंपी आहेत. महिन्यापूर्वीच माप घेतलंय, वहीत एकोणतीस आहे. बाबा, सांगा ना त्यांना."

आयुष्यभर ज्यांच्या मापाची लोकांनी शपथ घेतली, ते मास्तर मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. लेकीला काय समजायचे ते समजले. तिने वडिलांना एका शब्दाने दुखवले नाही, पण त्यांच्याशेजारची खुर्ची सोडून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

खारू हळूच म्हणाली, "मला वाटायचं, कपडे बसतायत म्हणजे मी बरीच आहे."

दोन दिवसांनी अहवाल आले. साखर वाढलेली, यकृतावर चरबी. मानेवरचा पट्टा मळ नव्हता, या वाढत्या साखरेचीच खूण होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत, तर कदाचित खाण्या-खेळण्यावरच निभावलं असतं. आता गोळी सुरू करावी लागेल. पथ्य आणि व्यायाम तर हवाच." दहा वर्षांच्या मुलीला रोजची गोळी! आजी घरी आल्यावर बराच वेळ नळाखाली नुसतीच हात धूत बसली.

त्यानंतर मास्तरांनी गणवेश शिवणे सोडले. आता ते पडद्यांना आणि उशांना शिवणी मारतात. मला त्यांनी खणात टाकले. तिथे मी गंजक्या सुया आणि तुटक्या बटणांबरोबर पडून असते.

परवा दुपारी खण उघडला. खारू होती. बारावे लागले आहे तिला. तिने मला मास्तरांच्या हातात दिले आणि म्हणाली, "आजोबा, माप घ्या. आणि मोठ्यानं सांगा."

दुकानात उशांची दोन गिऱ्हाइके बसली होती. मास्तरांनी मला तिच्या कमरेभोवती फिरवले. आकडा समोर होता, तरी ते मला पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. मग खारूने स्वतःच मान वाकवून वाचला. "पस्तीस," ती म्हणाली. सहा महिने गोड बंद, रोज संध्याकाळी आईबरोबर चालणे, आणि एक इंच वाढलाच होता. "परत एकदा बघ," मास्तर पुटपुटले. "पस्तीसच आहे, आजोबा," ती म्हणाली आणि खाली बसून बूट घालू लागली. वाकताना तिला दम लागत होता. नाडी बांधायला मास्तर पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस राहिले असतील. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या वर्गात एखादी खारू असेल, तर तिला नावे ठेवू नका, खेळायला हात धरून उठवा. आणि घरी मोठ्या माणसांना सांगा, "आमच्यावर प्रेम करता ना, मग आमचा आकडा आमच्यापासून लपवू नका. तो ऐकून आम्ही रडू. रडू द्या आम्हाला, पण वेळेवर."