यादीतून खोडलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा आलेला. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा अडगळीत बसून उसासे टाकतात. मी टाकणार नाही. वाफ कोंडून धरणं हा माझा धंदा आहे आणि ती उसाशांत घालवायला मी काही किटली नाही.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. पत्र्याची चकती मशीनखाली ठेवली, वरून दाब आला आणि मी खोलगट झालो, एवढंच. नागपूरला बर्डीवरच्या दुकानातून ज्ञानदा नावाच्या मुलीच्या आईने मला घेतलं. ज्ञानदा एम.एस. करायला ॲरिझोनाला निघाली होती. आईने माझ्या पोटात हळदीची आणि काळ्या मसाल्याची पाकिटं भरली आणि उरलेल्या जागेत मोजे कोंबले. असा मी मोज्यांचा वास घेत अमेरिकेत पोहोचलो.

तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांचा एक रिवाज होता. शिकून बाहेर पडणारा आपली गादी, टेबल आणि कुकर नव्या बॅचला देऊन जायचा. मला देताना घेणाऱ्याचं नाव खिळ्याने माझ्या बुडावर कोरत. ज्ञानदाचं नाव तिच्या आईनेच कोरलं होतं. तिने मला अवधूतला दिलं, अवधूतने यामिनीला. तिन्ही नावं अजून वाचता येतात. अवधूतला तेव्हा चहासुद्धा धड करता येत नव्हता. मी नसतो तर तो उपाशीपोटी इंजिनिअर झाला असता. रोज तीन शिट्ट्यांची डाळ, चार मुलं आणि एकच खोली. "कुकर आहे म्हणून आपण आहोत," असं तो म्हणायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे त्यानेच मला यादीतून खोडलं.

यामिनीला ॲरिझोनातल्याच चँडलरमध्ये नोकरी लागली, ईशानशी लग्न झालं, निधी झाली. घरात बटणांचं विजेचं भांडं आलं. ते शिजवतं, मी नाही म्हणत नाही. पण मला कुणी हात लावेना आणि माझी रबराची रिंग वाळली. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत निघून जायची, शिट्टी व्हायची नाही. नवी रिंग बसवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. ते न करता मी खराब झालो असं ठरलं आणि मला गॅरेजमधल्या डोनेशनच्या खोक्यात टाकलं. हाय प्लेन्सवरची, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवरची, एक सहल ठरली होती; ती करून आलं की येणाऱ्या शनिवारी तो खोका जायचा होता.

सहल यामिनीच्या वडिलांसाठी होती. जगन्नाथ काका नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना आडवं, मोकळं, गवताचं माळरान पाहायचं होतं. न्यू मेक्सिकोच्या कोपऱ्यात सहा हजार फुटांवर एक लाकडी केबिन बुक झाली. सहा बंक आणि एक दार. वीज नाही, स्वयंपाकघर नाही. अवधूतही आता चँडलरमध्येच राहायचा, तोही येणार होता आणि सगळं प्लॅनिंग त्याच्याकडे होतं. त्याने लॅपटॉपवर शीट उघडली होती, त्यात टॉर्चच्या सेलपासून टिश्यू पेपरपर्यंत सगळ्याला चौकट होती. काकांनी मला खोक्यातून काढून त्या लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"याला घ्या," ते म्हणाले.

"कुकर कशाला, काका?" अवधूत म्हणाला. "लीक होतो तो. टाइम बॉम्ब आहे. मी ओपन पॉटमध्ये वरण-भात प्लॅन केलाय."

"उंचावर उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. चिखलदऱ्याला पोस्टिंग होतं माझं. तास तास वाट पाहायचो."

"बाबा, ते चुलीचे दिवस होते," ईशान हसून म्हणाला. "आता बर्नर स्ट्राँग असतात. पाणी उकळलं म्हणजे उकळलं."

हा ईशान चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो आणि दिवसभर यंत्रांमधला दाब मोजतो. घरी येताना ती अक्कल तो बहुतेक पार्किंगमध्येच ठेवून येत असावा.

"बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका ना," यामिनी म्हणाली. "तुम्ही फक्त एन्जॉय करा."

तिने ते प्रेमानेच म्हटलं. पण काकांचा चेहरा पडला. मला तो चेहरा कळला, कारण मीही त्याच घरात काही न करता एन्जॉय करत पडलो होतो.

अवधूतने शीटमध्ये 'कुकर' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि तो म्हणाला, "ट्रायल घेऊ यार, म्हणजे डाउट नको." हे लोक ट्रायल घेतल्याशिवाय काही मानत नाहीत. मागच्या अंगणात कॅम्पिंगची शेगडी पेटवली, पातेल्यात तुरीची डाळ चढवली. पन्नास मिनिटांत डाळ मऊ झाली. टाळ्या पडल्या. त्या हिशेबाने गॅसचे दोन छोटे सिलिंडर पुरतील असं शीटमध्ये लिहिलं गेलं आणि 'कुकर' खोडला गेला. चँडलर जेमतेम बाराशे फुटांवर आहे आणि केबिन सहा हजारांवर, हे एकाही चौकटीत नव्हतं. मी परत खोक्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसला गेल्यावर काका उन्हातून चालत इंडियन स्टोअरला गेले आणि नवी रिंग घेऊन आले. मला घासलं, रिंग बसवली, शिट्टीचं भोक सुईने साफ केलं. मग माझ्या पोटात मोजे कोंबले आणि मला स्वेटरखाली बॅगेत घातलं. या लोकांना कुकर रिकामा नेणं जमतच नाही.

केबिनपाशी पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. चारी बाजूंना नुसतं गवत आणि न थांबणारा वारा. काका बाहेरच्या बाकावर बसून बघतच राहिले. शेगडी पेटली, पाणी खळखळ उकळलं आणि डाळ आहे तशीच राहिली. एक तास झाला. दीड तास झाला. पहिला सिलिंडर संपला. अवधूतने एक दाणा बोटांत दाबला, तो आतून अजून कडकच होता. चिप्स वाटेतच संपले होते आणि मागे राहिलेलं दुकान चाळीस मैलांवर होतं.

"आई, आय ॲम स्टार्व्हिंग," निधी रडवेली होऊन म्हणाली.

काका उठले, बॅग उघडली, माझ्या पोटातले मोजे काढले. "अवधूत, जरा सरक," ते म्हणाले.

तीच डाळ माझ्यात ओतली, शेवटचा सिलिंडर लावला. खरं सांगतो मित्रांनो, मला भीती वाटली. मी हरलो असतो तर काकांचा शब्द त्या घरात कायमचा हरला असता. मी रिंग घट्ट धरली आणि थेंबभर वाफ कडेने जाऊ दिली नाही. मग शिट्टी झाली. त्या मोकळ्या माळावर ती लांबवर गेली.

निधी दचकली. "आजोबा, व्हॉट वॉज दॅट?"

"जेवण," काका म्हणाले.

चँडलरला तीन शिट्ट्या लागतात, तिथे मी सहा दिल्या. भात माझ्यातच झाला. ईशान दोनदा भात घेऊन मग हळूच म्हणाला, "बाबा, प्रेशर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही. माझं रोजचं काम आहे हे. मला कळायला हवं होतं."

"मी सांगितलं होतं," काका म्हणाले आणि त्याला तिसऱ्यांदा वरण वाढलं.

मी निवल्यावर अवधूतने मला घासायला घेतलं. पालथं केल्यावर त्याला स्वतःचं नाव दिसलं. तो बराच वेळ घासत राहिला, मी स्वच्छ झाल्यावरही.

शनिवारी खोका गेला. मी गेलो नाही. यामिनीने खिळा आणला आणि माझ्या बुडावर चौथं नाव कोरलं, जगन्नाथ. "अगं, मी तर पुढच्या महिन्यात चाललो," काका म्हणाले. "कुकर इथेच राहील," ती म्हणाली, "तुमचा म्हणून. वापरायला परत या."

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी वस्तू फुसफुसायला लागली तर ती टाकण्याआधी तिची रिंग बघा. घरातलं म्हातारं माणूस एखादी गोष्ट सांगत असेल तर ते का सांगतंय, हे एकदा विचारा. मला शोभेच्या कपाटात ठेवू नका आणि माझी कीवही करू नका. डाळ द्या, पाणी द्या आणि बाजूला उभे राहा. शिट्टी माझी मी देईन.