बिनतारखेच्या राजीनाम्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, फणसाच्या लाकडाची. म्हातारपणी सगळ्यांना क्षमा करावी म्हणतात. मी केलेली नाही.

चौलच्या अंबाजी सुताराने मला घडवलं ते गावच्या खाजगी शाळेतल्या मुलांची गोष्टींची पुस्तकं ठेवायला. दोन वर्षं मजेत गेली. मुलं झाकण उघडून आत डोकी घालायची. मग शाळेच्या संस्थेचे कार्यवाह म्हणून हरिपंत आले. त्यांनी पुस्तकं माळ्यावर टाकली, मला पितळी कुलूप घातलं आणि आपल्या खुर्चीपुढे ओढून घेतलं. बसले की जोड्यांसकट पाय माझ्यावर ठेवत.

आणि माझ्या पोटात काय भरलं, सांगू? राजीनामे! नोकरीला लागतानाच हरिपंत प्रत्येकाकडून राजीनामा लिहून घेत. खाली सही, वर तारखेची जागा कोरी. माणूस नकोसा झाला की तारीख भरायची. तो 'स्वखुशीने' गेला. काळूराम मास्तरांनी बायकोच्या बाळंतपणासाठी चार दिवस रजा मागितली, तर पाचव्या दिवशी त्यांना घरी बसवलं. तो कागद इतके दिवस मीच सांभाळला होता. मला स्वतःची लाज वाटली आणि हरिपंतांचा असा संताप आला की काय सांगू.

१९३४ साली बालवर्गाच्या सत्यवतीबाईंनी शाळेतल्या मास्तरांचा आणि शिपायांचा मिळून संघ काढला. बाई विधवा, पदरी दोन मुली; तरी यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. हरिपंतांना सुगावा लागला. माझ्यावर टाच आपटून ते म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब येऊन जाऊ देत. मग बाईंच्या कागदावर तारीख टाकतो." दाराशी उभ्या गुणाजी शिपायाने ते ऐकलं.

माझी चावी हरिपंतांच्या जानव्याला बांधलेली असे. नारळी पौर्णिमेला देवळात श्रावणी झाली. सगळ्यांनी नवी जानवी घातली आणि जुनी तबकात टाकली. मंत्रांच्या नादात हरिपंतांनी आपलं जानवं चावीसकट टाकलं. आणि तळ्यात विसर्जन करायला तबक दिलं कुणाकडे? संघातल्याच दत्तात्रेय मास्तरांकडे! असली कामं ते नेहमी मास्तरांवरच ढकलत. चावी तळ्यात गेली असं समजून ते गप्प बसले. माझ्यात काय आहे, हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशीच इन्स्पेक्टर यायचे होते. शाळा भरण्याआधी मास्तरांनी तबकातून काढून घेतलेल्या चावीने, संघातल्या सगळ्यांदेखत, मला उघडलं. आत सात कागद निघाले.

"जाळून टाकू," मास्तर म्हणाले.

"जाळले तर ते नवे लिहून घेतील," सत्यवतीबाई म्हणाल्या. "कागद आपले, तारीखही आपणच घालू. आजची."

"बाई, माजा बी हाय त्यात," गुणाजी म्हणाला. "आंगठा माजा हाय, तारीख तुमी घाला."

इन्स्पेक्टरांनी टेबलावरचे सात राजीनामे वाचले आणि विचारलं, "मग आज शिकवणार कोण?"

हरिपंत गडबडले. "साहेब, हे खोटं आहे! कागद माझ्या पेटीत होते, तारखा यांनी आत्ता टाकल्या!"

"म्हणजे राजीनामे आधीच घेऊन ठेवले होते?"

मी रिकामी आहे का, ते चाचपायला हरिपंतांनी माझ्यात हात घातला आणि माझं झाकण त्यांच्या बोटांवर पडलं. चुकून पडलं, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

सरकारी मदत बंद होईल या भीतीने संस्थेने महिन्याभरात संघ मान्य केला. सातही जण नोकरीत राहिले, काळूराम मास्तरही परत आले. सगळा दोष मात्र संस्थेने हरिपंतांच्या माथी मारला.

माझी पुस्तकं मला परत मिळाली. आता तीही गेली, आणि मी अडगळीत पडून आहे. मित्रांनो, वर्षातून एकदा तरी मला तेलाचा हात द्या, वाळवी लागू देऊ नका. माझा जीव मला एवढा प्यारा नाही. पण माझ्या तळाशी सत्यवतीबाईंनी ठेवलेला एक कागद अजून आहे. तो हरिपंतांचा राजीनामा आहे, त्यांच्याच हातचा, तारखेसकट.